तीच तुकडी?

भारतीय नौदलाची ३०० क्रमांकाची लढाऊ तुकडी, ‘व्हाइट टायगर्स’, १९६० मध्ये ब्रिटनमध्ये उभी राहिली. तिची पहिली विमाने सी हॉक. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडून त्यांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. १९८३ च्या डिसेंबरात गोव्यात दाबोळीला सी हॅरियर उतरली. ११ मे २०१६ रोजी तिथेच त्यांना निरोप दिला आणि तुकडीकडे मिग-२९के आली. विमाने बदलली, वैमानिकांच्या पिढ्या बदलल्या. मग तुकडी तीच, हे कशावरून?

कसब तरी तेच म्हणावे, तर तेही नाही. सी हॉकला वाफेचे कॅटापल्ट डेकवरून फेकत असे. सी हॅरियरचा वैमानिक इंजिनाच्या चारही नळ्यांची तोंडे खाली वळवून नौकेच्या बाजूला हवेतच थांबे, मग आडवा सरकत डेकवर टेके. मिगला शेपटीकडच्या हुकाने तार पकडावी लागते. चाके टेकतात त्या क्षणी वैमानिक इंजिनांचा जोर कमी न करता वाढवतो, कारण तार हुकली तर पुन्हा उडावे लागते. पुढे समुद्रच असतो.

गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दाखला पटकन आठवतो. पण तो लावायचा तर तुकडीला आत्मा मानावा लागेल. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो: रथ म्हणजे चाके, आस की जू? यातले एकही रथ नव्हे. रथ हे व्यवहारापुरते नाव. न्यायदर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, हे अमान्य. अवयवी, म्हणजे अवयवांची मिळून झालेली वस्तू, हा अवयवांहून निराळा, खराखुरा पदार्थ आहे, असे ते म्हणतात. मात्र अवयव बदलले की अवयवीही नवा, हेही त्यांचेच मत, त्यामुळे तुकडीला तिथे आधार मिळत नाही. नागसेनाचाच रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत जास्त जवळचा: पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे, अगदी वेगळीही नव्हे. दाबोळीला जुनी विमाने गेली त्याच दिवशी नवी आली. ज्योत विझू दिली नाही.

‘विक्रांत’ नौकेपुढे मात्र हा दृष्टांत अडतो. पहिली १९९७ मध्ये निवृत्त झाली, २०१४ मध्ये मुंबईत मोडीत निघाली. दुसरी कोचीला २०२२ मध्ये दाखल झाली. मधली पंचवीस वर्षे दिवा विझलेलाच होता. हे नाते आजोबांचे नाव नातवाला ठेवावे तसले आहे. जुन्या नौकेचा थोडा धातू पुण्याच्या बजाज ऑटोने २०१६ मध्ये मोटारसायकलीसाठी वापरला. त्यामुळे नाव आज समुद्रावर आहे, आणि धातूचा एखादा अंश मारुंजी-हिंजवडीच्या वाहतुकीतही अडकलेला असू शकतो. त्याला मात्र कोणी ‘विक्रांत’ म्हणत नाही.