पाचवं नाव

जर्मनीत रीजनल गाड्यांसाठी एक तिकीट मिळतं. एका राज्यात दिवसभर हवं तेवढं फिरा, पाच जणांपर्यंत एकच तिकीट. २०१८ मध्ये पहिल्या माणसाला वीस-पंचवीस युरो आणि पुढच्या प्रत्येकाला पाच-सहा पडायचे. त्यामुळे एकट्याने फिरणं महाग पडतं, घोळक्याने फिरणं स्वस्त. माझ्यासारख्या इंटर्नांचे सगळे वीकेंड या एका गणितावर चालायचे. शुक्रवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या किचनमध्ये 'उद्या कोण येतंय?' असं विचारायचं आणि जे हो म्हणतील ते तुमचे सहप्रवासी. तिकिटावर एक अट असते. प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने त्यावर आपलं नाव लिहायचं. तिकीट दुसऱ्याला विकता येऊ नये म्हणून ही सोय आहे, बाकी काही नाही. पण मला ते तिकीट आठवतं ते त्या नावांमुळे.

२०१८ चा उन्हाळा. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष संपवून मी अडीच महिन्यांसाठी कार्ल्सरूहच्या एका लॅबमध्ये इंटर्नशिपला गेलो होतो. सोमवार ते शुक्रवार मॅटलॅबमध्ये सिग्नलमधला नॉइज काढायचा आणि शनिवारी हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, कॉन्स्टान्स. त्या शनिवारी तारीख होती १४ जुलै, फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस. दुसऱ्या दिवशी फ्रान्सची वर्ल्ड कप फायनल होती. आम्ही ठरवलं, स्ट्रासबर्गला जायचं. आमचं तिकीट चालायचं फक्त केलपर्यंत. केल हे ऱ्हाईनच्या काठावरचं शेवटचं जर्मन गाव, पलीकडे फ्रान्स. मध्ये एक पादचारी पूल आहे. चालत पाच मिनिटांत दुसऱ्या देशात.

आम्ही चौघं होतो. मी, एक ब्राझीलची मुलगी, एक तैवानची, एक इटलीचा मुलगा. प्लॅटफॉर्मवर एक जण आमच्याजवळ आला. आमच्याच वयाचा, दाढी नीट कोरलेली, हातात पाण्याची बाटली. आधी जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. मग माझ्याकडे बघून थेट, "भाई, टिकट पे एक जगह है क्या?"

तो अफगाण होता. हिंदी शिकला होता सिनेमांतून आणि आईच्या सिरियलींतून. 'क्योंकि सास भी'ची डब केलेली आवृत्ती काबूलच्या टोलो टीव्हीवर लागायची आणि अख्खा मोहल्ला तुलसीसाठी थांबायचा, असं त्याने सांगितलं. मला हसूच आलं. माझ्या आजीचंही तेच चालायचं. त्याने तिकिटावर पाचवं नाव लिहिलं, पाच युरोची नोट आणि सुट्टी नाणी माझ्या हातात मोजून दिली आणि आम्ही गाडीत बसलो.

पुढचा तास-सव्वा तास आम्ही दोघंच बोलत होतो. बाकीच्यांना हिंदी कळत नव्हतं आणि मला वाटतं, त्यालाही ते बरं वाटत होतं. इराण, तुर्कस्तान, मग रबरी बोट, ग्रीस, मग चालत. हे तो कंटाळलेल्या आवाजात सांगून गेला. अधिकाऱ्यांना अनेकदा सांगून झालेलं असावं. पण मग त्याने धाकट्या भावाबद्दल सांगितलं. तुर्कस्तानात दोघांपैकी एकाचेच पैसे भरता आले होते. भाऊ तिथेच राहिला, एका शिवणकामाच्या कारखान्यात. हे आश्रयगृहात कुणाला माहीत नाही, म्हणाला. मीही त्याला एक गोष्ट सांगितली. मला पीएचडी करायची नाहीये आणि हे घरी किंवा प्राध्यापकांना सांगायची हिंमत नाही. दोन्ही गोष्टींचं वजन एक नाही हे तेव्हाही कळत होतं. तरी त्याने ती तेवढ्याच गांभीर्याने ऐकली.

गेऑर्ग झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ साली 'परका' या विषयावर काही पानं लिहिली. त्यात त्याने नोंदवलंय की, जवळच्या माणसांपासून जपून ठेवलेल्या गोष्टी लोक परक्याला सहज सांगून टाकतात. सोलो ट्रिपला गेलेल्या कुणालाही हे पटेल. आपण याला 'कनेक्शन' म्हणतो, स्टोरीला टाकतो. पण मला बरीच वर्षं छळणारा प्रश्न वेगळा आहे. परक्याने आपल्याला असं काही सांगितल्यावर आपल्यावर काही येऊन पडतं का? की गाडीतून उतरलो की हिशोब संपला?

केलला उतरून आम्ही नदीवर गेलो. त्या पुलाला दोन वाटा आहेत, एक सरळ आणि एक कमानीसारखी वर चढणारी. दोन्ही नदीच्या साधारण मध्यावर एका चौथऱ्याशी एकत्र येतात. तिथपर्यंत तो आमच्याबरोबर आला. फोटो काढले. मग तो म्हणाला, "आप लोग जाओ. मैं यहीं तक."

त्याचा अर्ज नामंजूर झाला होता आणि त्याच्याकडे 'डुल्डुंग' होती. या जर्मन शब्दाचा सरळ अर्थ 'खपवून घेणं'. तो राहण्याचा परवाना नसतो, 'तुला परत पाठवणं तूर्त लांबणीवर टाकलंय' एवढंच सांगणारा कागद असतो. देशाबाहेर पाऊल टाकलं की तो कागद संपतो. २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर फ्रान्सने सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली होती आणि त्या दिवशी तर पोलीस जास्तच असणार. पकडला गेला असता तर सगळंच गेलं असतं.

मी मुंबईत व्हिसासाठी फायली घेऊन उभा राहिलेला मुलगा. बँक स्टेटमेंट, वडिलांचं सॅलरी सर्टिफिकेट, विमा, परतीचं तिकीट. आपला पासपोर्ट दुबळा, जग आपल्यावर अन्याय करतं हे माझं आवडतं रडगाणं. त्या चौथऱ्यावर पहिल्यांदा लक्षात आलं, माझ्या खिशातल्या त्या स्टिकरवर सव्वीस देश उघडे होते आणि हा माणूस तीन वर्षं त्या नदीच्या एका काठाला होता.

ब्राझीलची मुलगी म्हणाली, आपण सगळेच इथे थांबू, केल बघू. तो म्हणाला, नाही, जा, मी बसतो बागेत, मला नदी आवडते. मी इतरांसाठी भाषांतर केलं, "ही सेज इट्स ओके." आणि आम्ही गेलो.

इथे मला थोडं थांबायचंय. मी ज्या घरात वाढलो तिथे पाहुण्याचं पहिलं 'नको' कुणी कधी ऐकलेलं नाही. पाहुणा 'भूक नाही' म्हणाला की आई ताट वाढायला घेते. दुसऱ्यांदा 'खरंच नको' म्हणाला तर अर्धी पोळी वाढते. तिसऱ्यांदा म्हणाला तर मग चहा. आग्रह हे आपल्याकडचं एक व्याकरणच आहे आणि काबूलकडेही ते असंच आहे, किंबहुना जास्तच. आम्हा पाचांत त्या 'जाओ'चा अर्थ कळू शकेल असा मी एकटाच होतो. भाषाही मला येत होती आणि व्याकरणही. ब्राझीलच्या मुलीला दोन्ही येत नसताना तिने थांबायचं सुचवलं. मी पहिल्याच 'नको'ला मान डोलावली, कारण मला कॅथीड्रल बघायचं होतं.

कॅथीड्रल भव्य आहे. मनोरा १४२ मीटर उंच. १६४७ ते १८७४ ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. आम्ही कालव्याकाठची लाकडी चौकटींची घरं पाहिली. मग युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या इमारतीसमोरही फोटो काढले. आपल्याला परत पाठवू नये म्हणून देशांविरुद्ध दाद मागणारी माणसं ज्या दारापर्यंत येतात, ते हे दार. त्याच्यापासून काही किलोमीटरवर तो बागेत बसला होता. हे मला तेव्हा सुचलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

संध्याकाळी परत आलो तर तो खरंच तिथेच होता. केलच्या काठाला एक लाकडी टॉवर आहे, ४४ मीटर उंचीचा. तो दोनदा चढून आला होता. "वरून दिसतं तुमचं चर्च," म्हणाला. तैवानच्या मुलीने त्याच्यासाठी आणलेलं सँडविच त्याने पाच तुकडे करून सगळ्यांना दिलं. गाडीत व्हॉट्सॲप ग्रुप झाला. मी त्याला म्हणालो, कधीही काही लागलं तर सांग.

काँटने १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर एक निबंध लिहिला. हा माणूस स्वतः कोनिग्सबर्गच्या परिसराबाहेर फारसा पडला नाही, पण परक्याच्या हक्काबद्दल त्याने जे म्हटलंय ते अजून चावतं. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे माणसं एकमेकांपासून अनंत लांब जाऊ शकत नाहीत, कधी ना कधी एकमेकांना सोसावंच लागणार. म्हणून आलेल्या परक्याला शत्रूसारखं वागवलं न जाण्याचा हक्क आहे. त्याला परत पाठवता येईल, पण त्यात त्याचा नाश होणार नसेल तरच. आपण याला दया म्हणू, काँट हक्क म्हणतो. मात्र हा हक्क फक्त भेटीचा. पाहुणा म्हणून ठेवून घेण्यासाठी वेगळा करार लागतो.

वाचताना मला वाटलं, सुटलो. राज्याने त्याच्याशी कसं वागावं हा जर्मनीचा प्रश्न. माझा आणि त्याचा करार कुठे झाला होता? एका तिकिटावर नाव, एवढंच. ॲरिस्टॉटलकडे गेलो तर तोही माझ्याच बाजूचा निघाला. खऱ्या मैत्रीला वेळ लागतो, सोबत मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, या म्हणीचा तो 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये दाखला देतो. खाल्ल्या मिठाला जागणारे आपण. एका सँडविचच्या पाचव्या भागात मीठ असतं तरी किती?

नोव्हेंबरमध्ये त्याचा मेसेज आला. तोवर मी पुण्यात होतो, प्लेसमेंटच्या धांदलीत. जर्मनीत २०१६ पासून एक नियम होता. डुल्डुंग असलेल्याला आउसबिल्डुंग, म्हणजे आपल्या आयटीआय आणि अप्रेंटिसशिपच्या मधलं प्रशिक्षण मिळालं, तर ती तीन वर्षं आणि नंतर नोकरीची दोन वर्षं त्याला राहू द्यायचं. त्याला कळलं होतं की मी काम केलेल्या संस्थेच्या इलेक्ट्रॉनिक्स वर्कशॉपमध्ये अशी जागा निघणार आहे. त्याने अर्ज केला होता. तुझ्या प्राध्यापकांना माझ्याबद्दल दोन ओळी लिहिशील का, एवढंच विचारलं होतं.

मी विचार केला, अगदी तर्कशुद्ध. मी याला एक दिवस ओळखतो. सोल्डरिंग येतं की नाही माहीत नाही. उद्या काही झालं तर माझं नाव खराब. शिवाय प्राध्यापक म्हणतील, हा कोण? परीक्षेनंतर बघू म्हणून मेसेज न उघडता ठेवला. मग उशीर झाल्याची लाज वाटली, आणि लाजेमुळे आणखी उशीर. हा पॅटर्न तुम्हाला माहीत असेल.

त्याच महिन्यात एका कंपनीच्या एचआर राउंडमध्ये मला विचारलं, 'वेगळ्या संस्कृतीतल्या लोकांशी जुळवून घेतल्याचं उदाहरण द्या.' मी केलची गोष्ट सांगितली. 'माझा एक अफगाण मित्र' अशी सुरुवात केली. पुलावरचा प्रसंग नीट रंगवला. मुलाखत घेणाऱ्या बाई हेलावल्या. मला नोकरी लागली. ॲरिस्टॉटलची वेळेची अट मला त्या खोलीत आडवी आली नाही. ती फक्त दोन ओळींच्या ईमेलच्या वेळी आठवली.

म्हणून आता 'आपण त्याचे किती लागतो' या प्रश्नाकडे मी वेगळ्या बाजूने बघतो. ओळख किती खोल हे मोजायला मला जमणार नाही, पण त्या ओळखीचं मी काय काय केलं हे मोजता येतं. त्याची गोष्ट मी घेतली, वापरली, तिच्यावर पगार सुरू झाला. एवढं घेतल्यावर 'एका दिवसाची तर ओळख' असं म्हणायची सोय उरत नाही.

माझी आजी सोळा वर्षं आळंदीहून वारीला गेली. दिंडीतल्या बायका तिला वर्षातले अठरा-वीस दिवस भेटायच्या, एरवी पत्ताही माहीत नसायचा. तरी त्यांतली एक गेल्याचं कळलं तेव्हा ती दोन एसट्या बदलून परभणीकडच्या एका गावी गेली होती. आम्ही विचारलं, तुझी कोण लागते? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "अगं, बरोबर चालायची ना." अर्थात आजीला पंढरपूर होतं, सगळ्या एकाच ठिकाणी निघालेल्या. आमची फक्त गाडी एक होती. हा फरक मोठा आहे आणि मी तो पुसू इच्छित नाही. पण तो नेमका किती मोठा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं. त्याच्या काही दिवस आधी जर्मनीने अफगाणिस्तानात परत पाठवणी थांबवली होती. बातम्या बघताना मी तो जुना मेसेज उघडला आणि पावणेतीन वर्षांनी उत्तर लिहिलं. कारणं दिली नाहीत, माफी मागितली. कुठे आहेस, घरचे कसे आहेत, भाऊ कसा आहे, असं विचारलं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. माझ्या एकाही प्रश्नाचं नव्हतं. लिहिलं होतं, "भाई, पुल वाली फोटो है तेरे पास? मेरा वो फोन खो गया."

मी त्या दिवसाचे फोटो काढून बसलो. दोनशेच्या वर होते. कॅथीड्रलचेच चाळीस. चौथऱ्यावरच्या ग्रुप फोटोत तो नव्हता, कारण तो त्यानेच काढला होता. एका फोटोत मात्र सापडला. मी कॅथीड्रलच्या बाजूला जाताना मागे वळून पूल टिपला होता, त्यात कठड्याला टेकून उभा, अगदी लहान, हात वर केलेला. झूम केलं तर चेहरा फुटत होता. मी ओरिजिनल साइझमध्ये पाठवला.