पडद्यावर न उमटणारे क्षेत्र

प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत मांडला. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. त्याच प्रवरेच्या खोऱ्यात, लोणीला, १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. या भागातल्या रुग्णालयांत शरीराचे हे क्षेत्र आता रोज सीटी स्कॅनच्या पडद्यावर उमटते. पण पडद्यावर दिसले म्हणजे ते जाणले, असे म्हणता येईल का?

अंडाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला, की शस्त्रक्रियेआधी त्याचा हिशेब मांडावा लागतो. अमेरिकी शल्यचिकित्सक पॉल शुगरबेकर यांनी त्यासाठी पोटाचे १३ भाग पाडले. गाठ अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत असेल तर त्या भागाला १ गुण, पाच सेंटीमीटरपर्यंत २, त्याहून मोठी किंवा गाठी एकमेकींत मिसळलेल्या असतील तर ३. एकूण बेरीज जास्तीत जास्त ३९. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ती २०च्या पुढे गेली, तर सगळा रोग काढण्याची मोठी शस्त्रक्रिया बहुधा टाळली जाते.

मात्र सीटीला अर्ध्या सेंटीमीटरहून लहान गाठी अनेकदा दिसतच नाहीत, आणि लहान आतड्यावरच्या तर फारच चकवतात. नेमके तिथेच सगळे अडते, कारण लहान आतडे सगळे काढून टाकता येत नाही. विशिष्ट पद्धतीने केलेला एमआरआय काही जास्त दाखवतो. तरीही दुर्बिणीने पोटात डोकवावे लागते, आणि पोट उघडल्यावर बेरीज अनेकदा वाढलेली निघते.

गीतेने ज्ञानाची लक्षणे सांगताना सुरुवात अमानित्वापासून, म्हणजे मोठेपणाचा आव न आणण्यापासून, केली आहे. ‘बारीक गाठी नसतीलच असे सांगता येत नाही’ हे रिपोर्टमधले वाक्य नातेवाइकांना टोलवाटोलवी वाटते. खरे तर संपूर्ण रिपोर्टमध्ये त्याच्याइतके प्रामाणिक वाक्य दुसरे नसते.

शिवाय गीता क्षेत्रात केवळ पंचमहाभूते आणि इंद्रिये मोजत नाही. इच्छा, द्वेष, सुख, दुःख, धृती हेही क्षेत्रच, आणि उपचार निवडताना तेही जाणावे लागते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये तिसऱ्या टप्प्यातल्या अंडाशयाच्या कर्करोगावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या वेळीच पोटात गरम केमोथेरपी फिरवली, तेव्हा मध्यक आयुष्य ३३.९ महिन्यांवरून ४५.७ महिन्यांवर गेले. हे वाढलेले जवळपास एक वर्ष कोणाला लेकीच्या लग्नासाठी हवे असेल. कोणाला त्यासाठी इतके सोसायचे नसेल. दोन्ही उत्तरे शहाणपणाची आहेत आणि कोणतेही यंत्र ती टिपत नाही.

म्हणून शस्त्रक्रियेची आखणी स्कॅनवर थांबू नये. मलमार्ग पोटावर काढावा लागण्याची शक्यता असेल, तर त्याची जागा आदल्या दिवशीच, रुग्ण जागा असताना, त्याला बसवून आणि उभे करून आखतात. बाईला तेव्हाच विचारावे, की साडीच्या निऱ्या कुठे खोचता, घरी मलाची पिशवी बदलायला कोण आहे, आणि हे सगळे तुम्हाला हवे आहे का.