पंचावरील आरोप
(१ शमुवेल १२ : १-५, २३)

सोलापुरास सात रस्त्यावर फुटबॉल खेळून परतणारी काही मुले भांडताना आम्ही ऐकिली. पंच दुसऱ्या बाजूचाच माणूस, म्हणून आपण हरलो, असे त्यांचे म्हणणे. पंचास शिव्याही दिल्या होत्या.

या खेळाचा नियम विचार करण्याजोगा आहे. निर्णयाविरुद्ध कुरकुर करणाऱ्यास पंच पिवळे कार्ड दाखवून ताकीद देतो. शिवी देणाऱ्यास तांबडे दाखवून मैदानाबाहेर घालवितो. (ही कार्डे १९७० साली मेक्सिकोतील विश्वचषकात प्रथम आली.) उलट शिवी देण्याची मुभा त्यास नाही. मात्र आपली चूक कळल्यास, खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी, त्यास निर्णय फिरविता येतो.

बंधुभगिनींनो, मंडळीतील तंटे तोडणाऱ्या वडिलांवरही पक्षपाताचा आरोप येतो. पुष्कळदा तो खोटा असतो. नेहमीच खोटा असतो, असे आम्हांस म्हणवत नाही. सोयऱ्याचा बांध व परक्याचा बांध आपण एकाच दृष्टीने पाहतो काय? शमुवेल तर वृद्धपणी सर्व इस्राएलापुढे उभा राहिला. आपण कोणाचे जनावर बळकाविले वा लाच घेतली असल्यास लोकांनी परमेश्वरासमक्ष सांगावे, आपण भरपाई करू, असे तो म्हणाला. याच लोकांनी त्याला बाजूस सारून राजा मागितला होता. तरी त्यांच्याकरिता प्रार्थना सोडणे त्याने पाप मानिले.

प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला आहे. ज्याने आपणांस पक्षपाती म्हटले, त्याच्या घरी आपल्यापैकी कोणी वडील अजून गेला आहे काय?