दुःखाची उजळणी आणि श्रद्धावंताचे मन

नेर तालुक्यात कपाशीचे पीक हातचे गेले, की नुकसानीचा पंचनामा एकदाच होतो. शेतकऱ्याच्या मनात मात्र तो रोज रात्री होतो. ‘पेरणी आठ दिवस लांबवली असती तर? कर्ज काढलेच नसते तर?’ अशा वेळी कोणी ‘मन दुसरीकडे वळवा’ म्हटले, तर प्रामाणिक माणसाला शंका येते: ही जबाबदारीपासून पळवाट, ही गफलत तर नव्हे?

येथे भेद ध्यानात घ्यावा. इस्लामने मुहासबा, म्हणजे आत्मपरीक्षण, शिकवले आहे. त्याला शेवट असतो: चुकीसाठी तौबा, कर्जासाठी फेडीची तजवीज. दुःखाच्या उजळणीला शेवटच नसतो. संकटानंतर ‘असे केले असते तर’ यात गुंतू नये, त्यातून शैतानाला वाट मिळते, असा सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय आहे. लाभदायक गोष्टीसाठी झटावे व अल्लाहची मदत मागावी, हेही त्याच हदीसमध्ये आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत उदास व्यक्तींना आठ मिनिटे स्वतःच्या भावनांवरच विचार करायला लावले, तेव्हा उदासी वाढली. बाहेरच्या गोष्टींकडे लक्ष वळवले, तेव्हा ती घटली. पुढे असेही आढळले की, मन वळवलेल्यांना अडचणींवर अधिक चांगले उपाय सुचत. म्हणजे काही काळ मन वळवणे ही कर्तव्याचीच पूर्वतयारी ठरते.

दुःख करणे हा गुन्हा नव्हे. ह. याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रशोकाने पांढरे पडले, असे कुरआन सांगते. त्यांनी आपली व्यथा अल्लाहपाशी मांडली आणि लगेच मुलांना यूसुफ (अ.) यांच्या शोधासाठी जाण्यास सांगितले. शोक होता, पण पाऊल थांबले नव्हते.

मन कोठे वळवावे, हाही विवेकाचा प्रश्न आहे. दारू, सट्टा किंवा रात्रभर मोबाइल यांतून परतलेला माणूस अधिक दुबळा होतो. जमाअतसह नमाज, आजाऱ्याची विचारपूस, शेजाऱ्याच्या शेतात तासभर हातभार यांतून परतलेला माणूस आपल्या प्रश्नाला सामोरा जाऊ शकतो.

तथापि उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तो आजार आहे. ईमानाचा कमकुवतपणा नव्हे. उपचार घेणे ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. डॉक्टरांकडे जावे, शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. आणि आपल्या वस्तीत कोणी एकटाच बसून राहू लागला असेल, तर त्याला उपदेश करण्याआधी त्याच्या दारी जा, त्याच्यापाशी बसा. अल्लाह आपणा सर्वांना सबुरी व बळ देवो. आमीन.