तीन टेकू

एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंमधून एक आणि एकच प्रतल जाते. म्हणून तिवई खडबडीत जमिनीवरही तिन्ही पायांवर बसते, आणि चार पायांच्या टेबलाखाली मात्र कागदाची घडी सारावी लागते. चौथा पाय उरलेल्या तिघांच्या प्रतलात असेलच, याची खात्री नसते.

डुगडुगणे हा त्यातला लहान दोष. खरी अडचण भाराच्या वाटणीची आहे. तीन टेकूंपैकी प्रत्येकावर किती वजन येते, हे गुरुत्वमध्य कुठे आहे त्यावरून हिशेबाने काढता येते. टेकू चार झाले की समतोलाची समीकरणे पुरत नाहीत. वाटणी पायांच्या उंचीतील केसभर फरकावर आणि वस्तू किती लवते यावर ठरते. म्हणून मापनकक्षातली ग्रॅनाइटची सरफेस प्लेट ठरवून दिलेल्या तीन जागांवरच टेकवतात. चार कोपऱ्यांवर ठेवली तर एवढा जाड दगडही किंचित पिळला जातो, आणि तो पीळ थेट मापात उतरतो.

जिग-फिक्श्चर बनवणारे हेच तत्त्व पुढे नेतात. मोकळ्या वस्तूला सहा हालचाली असतात: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. जॉबखाली, म्हणजे यंत्रावर घडवायच्या वस्तूखाली, तीन पिना, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक लावली की सहाही हालचालींचा बंदोबस्त होतो. क्लॅम्पचे काम जॉबला पिनांवर दाबून धरण्याचे. जागा ठरवण्याचे नव्हे. ओबडधोबड कास्टिंगला खालून चौथा आधार द्यावाच लागला, तर तो खालीवर करता येणारा असतो आणि जॉब तीन पिनांवर बसल्यानंतरच त्याला हलकेच भिडवतात. सातवी पिन पक्की ठोकली की कोणत्या सहा पिना टेकतील, हे प्रत्येक जॉब आपापल्या मर्जीने ठरवतो.

लेथच्या थ्री-जॉ चकमध्ये भूमिती थोडी वेगळी आहे: तिथे तीन बिंदू वर्तुळ ठरवतात. तिन्ही जॉ एकदम सरकत असल्याने गोल जॉब आपोआप मध्यावर येतो. वेड्यावाकड्या जॉबला मात्र स्वतंत्र सरकणारे चार जॉच हवेत, मग डायल लावून जॉब मध्यावर आणण्यात वेळ गेला तरी चालेल. पातळ कड्याच्या बाबतीत तर तीन जॉ चक्क फसवतात. दाबलेल्या अवस्थेत आतून अचूक गोल कापलेले कडे चक सैल करताच तीन ठिकाणी फुगते. तीन फुगवट्यांच्या आकाराचा व्यास सगळीकडे सारखा भरू शकतो, त्यामुळे दोन बिंदूंत मोजणाऱ्या मायक्रोमीटरला हा दोष दिसेलच असे नाही. असा दोष बाहेरच्या गोलाईत असेल, तर तो पकडायला व्ही-ब्लॉक आणि डायल लागतात. तिथेही स्पर्शाचे बिंदू तीनच.

न डुगडुगणे आणि न कलंडणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाय केंद्रापासून एकाच अंतरावर सारखे पसरले, तर तीन पायांत कलंडण्याची रेषा त्या अंतराच्या निम्म्यावरच येते. चार पायांत सुमारे 0.71 पटीवर, पाचांत 0.81 पटीवर. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीला पाच पाय असतात ते यासाठी. तीनचाकी रिक्षाची तिन्ही चाके खड्ड्यातही जमीन धरतात, पण वेगात घेतलेले वळण तिला जड जाते.

लांबलचक लेथच्या बेडचेही तीन टेकूंवर भागत नाही, कारण तो स्वतःच्या वजनाने मधे झोळ धरतो. त्याला अनेक पाय देतात आणि संवेदनशील लेव्हल ठेवून एकेक बोल्ट फिरवत तो सरळ करतात. पाया खचला की हे काम पुन्हा करावे लागते.