‘न मम’ केव्हा म्हणावे?

आहुती देताना ‘न मम’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तूवरील स्वामित्व आपण मनापासून सोडले, एवढाच त्या दोन शब्दांचा भाव. व्यवहारातही काहीसे असेच घडते. वस्तू विकली, पैसे हाती आले, की तिचे पुढे काय झाले ह्याची चौकशी विकणाऱ्याने करावी असे कोणी म्हणत नाही. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हे नृसिंहाचे क्षेत्र आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्याने झिजलेला फाळ भंगारवाल्यास दिला, तो चार हात फिरून जालन्याच्या पोलादभट्टीत वितळला, आणि त्याची सळई होऊन कोणाच्या घराच्या छतात बसली, तर शेतकऱ्याचे त्यात काही देणे उरत नाही. त्याच्या मुखी ‘न मम’ शोभते. परंतु हे शब्द सर्वच धातूंविषयी शोभतात काय?

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक किरणोत्सर्गी उपकरण होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. २०१० च्या आरंभी ते लिलावाने भंगारात गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात ते मोडले गेले. आतील कोबाल्ट-६० उघडा पडला, अनेक जण आजारी पडले आणि एक मनुष्य दगावला. लिलाव रीतसर झाला होता. वस्तूवरील हक्क संपला होता. तिचा प्रभाव मात्र संपला नव्हता.

त्याच्या दोनच वर्षे आधी, २००८ साली, आपल्या महाराष्ट्रातही असाच प्रकार घडला. येथील एका ओतशाळेत भंगाराबरोबर कोबाल्ट-६० वितळला गेला. त्या पोलादाचे भाग फ्रान्सला गेले आणि तेथील उद्‌वाहनांच्या बटणांत बसले. ती जोडणाऱ्या सुमारे २० कामगारांस किरणांचा नको तेवढा संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. मूळ कोबाल्ट कोणी टाकला असेल तो असो. त्याच्या ‘न मम’ची किंमत समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांनी दिली.

ह्या धातूचा स्वभावच तसा आहे. किरणोत्सर्गी धूळ धातूच्या केवळ पृष्ठभागास लागली असेल, तर ती घासून वा आम्लाने धुऊन काढता येते. मग थोडासा गाळ जपावा लागतो, आणि बाकीचा धातू तपासून पुन्हा उपयोगात आणता येतो. कचरा कमी करण्याचा हाच खरा मार्ग. भट्टीत वितळविल्यास सिझियम धुराच्या धुळीत जाते, युरेनियम बहुतांशी धातुमळीत उतरते. परंतु कोबाल्ट पोलादातच मुरून राहतो. त्यास अग्नी शुद्ध करीत नाही, काळच करतो. दर सव्वापाच वर्षांनी त्याचे तेज निम्मे होते. सुमारे ५३ वर्षांनी ते सहस्रांशावर येते. तोवर त्यास जाड भिंतीआड, नोंद ठेवून, सांभाळावे लागते. ज्यांचे आयुष्य ह्याहून दीर्घ, त्यांची व्यवस्थाही तितकीच दीर्घ असावी लागते. पुष्कळशा शुद्ध पोलादात थोडा दूषित धातू मिसळून दोष नाहीसा झाला असे मानणे, ही तर मनाची फसवणूक होय. त्याने दोष जात नाही. तो केवळ वाटला जातो, आणि वाटा घेणाऱ्यास कोणी विचारीत नाही.

कोणी म्हणेल, मग अशा वस्तू वापरूच नयेत. पण ह्याच कोबाल्टाच्या किरणांनी कर्करोगाच्या असंख्य रुग्णांस आयुष्य दिले आहे. तारापूरच्या अणुकेंद्राने १९६९ पासून वीज पुरविली आहे. उपयोग हा दोष नव्हे. दुसरा कोणी म्हणेल, खरेदी करणाऱ्याने पारखून घ्यावे. हा आक्षेप अधिक विचारार्ह आहे, पण तो टिकत नाही. पारख करण्यास ज्ञान लागते, यंत्र लागते. आणि ही दोन्ही विकणाऱ्यापाशी होती, हातोडा घेऊन बसलेल्या मजुरापाशी नव्हती. नृसिंहकथेत खांबात काय आहे हे बाहेरून दिसत नव्हते. परंतु प्रल्हाद जाणत होता, आणि त्याने ते विचारणाऱ्यास स्पष्ट सांगितले. मायापुरीच्या मजुरास सांगणारा कोणीच नव्हता. म्हणून दायित्वाचे माप स्वामित्व हे नसून ज्ञान हे आहे. जो जाणतो तो बांधलेला आहे, वस्तू विकली तरीही.

कायद्याने हे तत्त्व काही अंशी मान्य केले आहे. किरणोत्सर्गी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम आपल्या देशात १९८७ सालचे आहेत. म्हणजे मायापुरीच्या वेळी नियम नव्हते असे नाही. उणीव होती ती आठवणीची. उपकरण घेणारे निवृत्त झाले, खोली कुलूपबंद राहिली, आणि आत काय आहे हे सांगणारी परंपरा तुटली. पूर्वजांचे ऋण आपण मानतो. वंशजांचेही एक ऋण आहे, आणि ते फेडण्याची पहिली पायरी साधी आहे: आपण काय ठेवून जात आहोत हे स्पष्ट लिहून ठेवणे, आणि ते वाचणारा माणूस तेथे राहील अशी तजवीज करणे.

तात्पर्य, ‘न मम’ हे शब्द वस्तू दाराबाहेर गेली म्हणून उच्चारता येत नाहीत. ती कोणाच्याही घरी गेली तरी कोणाचे अहित होणार नाही, अशी खात्री झाल्यावरच त्यांचा अधिकार प्राप्त होतो. तोपर्यंत ‘मम’ म्हणणे हाच धर्म.