मिटलं की मिटवलं?

आमच्याकडे कट्टी घ्यायची तर अंगठ्याचं नख वरच्या दाताला लावून झटकायचं आणि तोंड फिरवायचं. त्यानंतर बोलणं बंद. पण बसायचं एकाच बाकावर आणि लोणचं खायचं एकाच डब्यातलं, तर बोलल्याशिवाय भागणार कसं? मग तिसरी मुलगी मध्ये घ्यायची. "हिला सांग, माझी पट्टी परत दे म्हणावं." 'ही' हातभर अंतरावर बसलेली असायची, तिला सगळं ऐकू येत असायचं. तरी ती तिसरीकडेच बघून म्हणायची, "तिला सांग, आधी माझं खोडरबर दे म्हणावं."

ती तिसरी मुलगी बरेचदा मी असायचे. काम कंटाळवाणं होतं, पण त्यात एक गंमत होती. निरोप पोचवताना शब्द थोडे मऊ करता यायचे. 'दे म्हणावं'चं 'देशील का, विचारतेय' व्हायचं. दोन-तीन दिवसांत बट्टी व्हायची आणि मग मला कोणी विचारायचं नाही.

कॉलेज संपल्यावर 'पीअर मिडिएशन' हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला ती तिसरी मुलगी आठवली. कल्पना साधी आहे. शाळेतल्या काही मुलांना मध्यस्थीचं प्रशिक्षण द्यायचं. दोघांचं भांडण झालं की त्यांच्याच वयाचे दोन मध्यस्थ त्यांना घेऊन बसतात. नियम ठरतात: मध्ये बोलायचं नाही, शिव्या नाहीत, इथलं बाहेर सांगायचं नाही. आधी एकानं पूर्ण बोलायचं. त्यानं काय सांगितलं ते मध्यस्थ आपल्या शब्दांत परत सांगणार आणि विचारणार, "असंच म्हणायचंय ना तुला?" मग दुसऱ्याची पाळी. पुढे काय करायचं ते दोघांनीच ठरवायचं, कागदावर लिहायचं, सही करायची. मध्यस्थानं कोण बरोबर हे सांगायचं नाही, सल्लाही द्यायचा नाही. अमेरिकेतल्या शाळांमध्ये १९८० च्या दशकात हे बरंच पसरलं आणि तिथून इतर देशांत गेलं.

एका तालुक्याच्या गावातल्या शाळेत मी वर्षभर दर शनिवारी हे शिकवायला जात होते. सातवी-आठवीची बारा मुलं होती. 'मध्यस्थ गट' असं भारदस्त नाव मी दिलं होतं. मुलांनी आठवड्याभरात त्याचं 'मिटवामिटवी' करून टाकलं. तेव्हा मी हसले होते. त्या नावात किती अर्थ होता, ते कळायला मला सात महिने लागले.

*

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं.

सातवीतल्या दोन मैत्रिणींचं रांगोळी स्पर्धेवरून वाजलं. एकीनं दुसरीला न विचारता जोडी बदलली. बाईंनी दोघींना उभं केलं, "सॉरी म्हणा, हात मिळवा" म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. बाईंना दोष देत नाही. त्यांच्यासमोर पन्नासच्या वर मुलं होती आणि अपूर्णांक अर्धवट राहिले होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली हे उत्तमच झालं. पण छडीच्या जागी काय ठेवायचं हे शिक्षकांना शांतपणे बसून कोणी शिकवलं नाही. म्हणून बऱ्याच वर्गांत तिच्या जागी हे अर्ध्या मिनिटाचं सॉरी आलं.

त्या सॉरीनंतर दोघींनी महिनाभर एकमेकींकडे पाहिलं नाही. शेवटी त्या आमच्या गटापुढे बसल्या. आठवीतली मध्यस्थ मुलगी घाबरलेली होती, कागदावर लिहिलेले प्रश्नच वाचून दाखवत होती. तरी वीस मिनिटांनी रांगोळी मागे पडली आणि खरी गोष्ट निघाली. जोडी बदलणारीच्या घरी रंग घ्यायला पैसे नव्हते. मागच्या वर्षी मैत्रिणीनं रंग आणले होते आणि नंतर चारचौघांत ते बोलूनही दाखवलं होतं. बोलून दाखवणारीला हे आठवतसुद्धा नव्हतं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी तसं बोलले असेन." हे वाक्य तिच्याकडून कोणत्याही बाईंना, सरांना किंवा मला काढून घेता आलं नसतं.

नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९७७ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भांडण ही भांडणाऱ्यांची मालमत्ता असते आणि वकील, न्यायालयं, तज्ज्ञ ती त्यांच्याकडून चोरून नेतात. ज्याचं नुकसान झालं तो आपल्याच खटल्यात कोपऱ्यात उभा राहतो. त्याचं म्हणणं दुसराच कोणीतरी, दुसऱ्याच भाषेत मांडतो. आणि भांडणातून आपण काय योग्य मानतो, काय नाही, हे समोरासमोर बोलण्याची जी संधी असते, ती सगळ्यांच्याच हातून जाते.

क्रिस्टी न्यायालयांबद्दल बोलत होते, पण मला वर्ग दिसत होता. 'सॉरी म्हणा' म्हणताना मोठी माणसं मुलांचं भांडण आपल्या खिशात घालतात. वर्गात शांतता होते आणि मुलांच्या हातात काहीच उरत नाही. त्या दोघींना त्यांचं भांडण परत मिळालं, म्हणून त्यातून त्यांना काहीतरी मिळालं. मला वाटलं, उत्तर सापडलं. मी वहीत समेटांचा आकडा लिहायला लागले.

*

सातव्या महिन्यात आठवीतला एक मुलगा आला. स्वतःहून नाही, सरांनी पाठवला. त्यानं वर्गातल्या एका मुलाला ढकललं होतं, त्याचं कोपर फुटलं होतं. बैठक झाली. ढकलणाऱ्यानं सांगितलं की तो मुलगा आणि त्याचे दोन मित्र त्याला एका नावानं हाक मारतात. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्याच्या वस्तीवरून आणि वडलांच्या कामावरून पडलेलं होतं. पुढचं तुमचं तुम्हाला कळेल.

मध्यस्थांनी सगळं मी शिकवल्याप्रमाणे केलं. कोणाला मध्ये बोलू दिलं नाही, दोघांचं परत सांगितलं, कोणाची बाजू घेतली नाही. शेवटी करार झाला: 'ते त्याला चिडवणार नाहीत. तो चिडणार नाही आणि मारणार नाही.' चार सह्या झाल्या. मी मध्यस्थांची पाठ थोपटली आणि वहीत आणखी एक रेघ ओढली.

पुढच्या शनिवारी तो मुलगा शाळा सुटल्यावर सायकलींपाशी थांबला होता. "ताई, एक विचारू? मारलं ते चुकलंच माझं. पण चिडणार नाही असं मी का लिहून दिलं?"

मी काहीतरी म्हणाले. दोन्ही बाजूंनी एकेक पाऊल पुढे यायचं असतं, वगैरे. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते मला जे म्हणतात, तसं त्यांना म्हणायला माझ्याकडं शब्दच नाही. मी शोधला."

मी शोधला. त्या दोन शब्दांपाशी माझं सात महिन्यांचं काम थांबलं. त्यानं खरंच शोधला असणार, रात्री अंथरुणात पडून. आणि तो सापडणार नव्हताच. तसा शब्द आपल्या भाषेनं त्या मुलांसाठी घडवलेलाच नाही.

रांगोळीच्या भांडणात दोघी एकमेकींना दुखवू शकत होत्या. इथे दुखवण्याचं हत्यार एकाच्याच हातात होतं. आम्ही मात्र तराजू सरळ धरला आणि त्यालाच न्याय म्हटलं. एका पारड्यात अपमान आणि दुसऱ्यात त्या अपमानाचा राग टाकला, दोन्ही सारखे भरले म्हणून जाहीर केलं. ढकलण्याबद्दल त्यानं माफी मागणं वेगळं. ती त्यानं मागितलीही होती. पण त्याचा रागच आम्ही लिहून घेतला होता.

क्रिस्टींच्याच देशात, साधारण त्याच काळात, दुसरा एक माणूस शाळेतल्या छळाचा अभ्यास करत होता. डॅन ओल्वेउस मूळचे स्वीडनचे, पुढे नॉर्वेतल्या बर्गनला स्थिरावलेले मानसशास्त्रज्ञ. १९८२ च्या अखेरीला उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी जीव दिला. त्यामागे सोबतच्या मुलांनी केलेला छळ असावा असं पुढे आलं, देश हादरला आणि १९८३ मध्ये तिथे छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली. ओल्वेउस यांनी छळाची जी व्याख्या केली, ती जगभर वापरली जाते: तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक असतो. हा तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा. ताकद सारखी नसेल तर ते दोघांचं भांडण नाही. तिथे समेट करायचा नसतो, ते थांबवायचं असतं. आणि ते मोठ्यांचं काम आहे.

एकाच देशातली ही दोन म्हणणी मला बरेच दिवस छळत होती. एक म्हणतो, भांडण मुलांना परत द्या. दुसरा म्हणतो, मुलांना यात एकटं सोडू नका. दोन्ही खरी आहेत. अडचण अशी की भांडण कपाळावर पाटी लावून येत नाही. सरांच्या नजरेत ते फक्त 'एकानं ढकललं, एकाचं कोपर फुटलं' एवढंच होतं.

*

मिटवण्याची आपल्याला भारी हौस. घरात "जाऊ दे ना" म्हणतात, सोसायटीत "आपसात मिटवा" म्हणतात, आणि मुंबईच्या बोलीत तर मिटवण्याच्या धंद्याला 'मांडवली' असा खास शब्द आहे. मांडवलीत कोण बरोबर हा प्रश्न नसतो, कोण भारी हा असतो. कमी ताकदवाला थोडं सोडतो, जास्त ताकदवाला थोडं कमी ओरबाडतो आणि सगळे चहा पितात.

राज्य सरकारनं १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. हेतू चांगला होता: बांधाच्या भांडणासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या त्यापेक्षा गावातच बसून सोडवावं. तंटामुक्त ठरणाऱ्या गावांना बक्षिसं होती. बांधाच्या भांडणाला हे लागू पडतं. पण बक्षीस तंटा मिटण्याला असेल, तर 'माझा तंटा मिटलेला नाही' म्हणणारा माणूस गावाच्या मध्ये येतो. ज्याच्यावर अन्याय झाला तोच भांडकुदळ ठरू शकतो. माझ्या वहीतल्या रेघा याहून काय वेगळ्या होत्या? त्या मुलानं सही केली नसती, तर माझा आकडा कमी झाला असता. त्याला ते दिसत होतं. म्हणून त्यानं सही केली.

मग मुलांना मध्यस्थी शिकवूच नये का? मला तसं वाटत नाही. रांगोळीवाल्या मुलीचं "मी तसं बोलले असेन" हे वाक्य मला विसरता येत नाही. पण मध्यस्थानं तटस्थ असावं हे मी अर्धवट शिकवलं होतं. ऐकताना तटस्थ राहायचं, म्हणजे दोघांना सारखा वेळ, सारखा मान द्यायचा. जे घडलं ते सारखं होतं असं मात्र धरून चालायचं नाही. एकाला तीन मिनिटं आणि दुसऱ्यालाही तीन मिनिटं दिली, म्हणून दोघांचं दुःख सारखं होत नाही.

पुढच्या बैठकीत गटाला मी घडलेलं सांगितलं, त्या मुलाला विचारून. आम्ही बैठकीच्या आधी विचारायचे तीन प्रश्न ठरवले. हे पहिल्यांदा झालंय का? दोघांपैकी कोणी न घाबरता 'मला बसायचं नाही' म्हणू शकतो का? तिसरा प्रश्न सातवीतल्या एका मुलानं सुचवला: "उलटं केलं तर तेवढंच लागेल का?" तीनपैकी एकाचंही उत्तर अडलं, तर बैठक नाही. ते मोठ्यांकडे द्यायचं, आणि मोठ्यांनी काय केलं ते परत येऊन विचारायचं. शेवटची अट मुलांनी घातली. मुख्याध्यापकांना ती फारशी आवडली नाही, पण त्यांनी ती काढायलाही सांगितली नाही.

पोलंडमध्ये यानुश कोर्चाक नावाचे एक डॉक्टर होते. वॉर्सातल्या त्यांच्या अनाथाश्रमात मुलांचं न्यायालय चालायचं. न्यायाधीश मुलंच असत, आणि तक्रार मोठ्यांविरुद्धही करता येई. सहा महिन्यांत कोर्चाक स्वतः पाच वेळा त्या न्यायालयापुढे उभे राहिले. एकदा मुलाला मारल्याबद्दल, एकदा मुलीवर चोरीचा संशय घेतल्याबद्दल. मध्यस्थी आणि न्यायनिवाडा या वेगळ्या गोष्टी आहेत, तरी मला यातून एक गोष्ट उचलावीशी वाटली. मुलांना भांडण सोडवायला शिकवणाऱ्या मोठ्यांची खुर्ची सहसा गोलाच्या बाहेर असते.

त्या शनिवारी मी माझी खुर्ची आत ओढली. त्या मुलासमोर बसले. मध्यस्थ मुलीनं नियम वाचून दाखवले: मध्ये बोलायचं नाही. तो बोलला, फार नाही, चार-पाच वाक्यं. मग तिनं ते आपल्या शब्दांत परत सांगितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुम्हाला काय म्हणायचंय?" मी म्हणाले की तो करार चुकीचा होता आणि तो मी होऊ दिला. "पुढे काय करायचं?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "तो कागद फाडायचा."

आम्ही तो फाडला. त्याला नावानं हाक मारणाऱ्या तिघांचं पुढे काय करायचं, यावर शाळेत आणखी दोन महिने बोलणी चालली. पालक आले, आवाज चढले, एका सरांनी "एवढ्याशा गोष्टीचं" असंही म्हटलं. हाका कमी झाल्या. पूर्ण थांबल्या की नाही, हे त्यालाच माहीत.

गटाचं नाव बदलावं असं मी सुचवून पाहिलं. मुलं ऐकली नाहीत. ते अजून 'मिटवामिटवी'च आहे. पण मी त्या वहीत नंतर रेघ ओढली नाही.